डोक्यावरचे पक्षी आणि पाणवठ्यावरचे पक्षी

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत महाराष्ट्रातील जलाशय जागे होतात ते सूर्योदयापूर्वी. धुक्याचा पडदा अद्याप पाण्यावरून उठलेला नसतो, काठावरच्या गवतावर दव गोठल्यासारखे झालेले असते आणि त्याच वेळी हजारो बदके, करकोचे व चिखलपक्षी आपल्या दिनक्रमास आरंभ करतात. पक्षी पाहावयाचे असतील, त्यांची गणती करावयाची असेल, तर हीच वेळ सर्वांत उपयुक्त होय. परंतु नेमकी हीच वेळ सर्वांत बोचऱ्या थंडीची असते. हौसेने निघालेली शाळेची तुकडी तासाभरात कान चोळीत परत फिरते आणि नोंदवहीचे पान अर्धवट राहते, असा अनुभव अनेक शिक्षकांना येत असेल.

यावरचा उपाय साधा आहे. तो म्हणजे एक चांगली उबदार टोपी. मात्र टोपी आणि पक्षी यांचा परस्परसंबंध एवढ्यावर संपत नाही. मनुष्याने ऊब कशी साठवावी हे पक्ष्यांपासून शिकता येते. मनुष्याने आपले मस्तक सजविण्यासाठी पक्ष्यांचाच बळी घेतला. आणि त्या संहाराविरुद्ध जी जागृती झाली, तीतूनच आजच्या पक्षिसंरक्षणाच्या व हिवाळी पक्षिगणनेच्या चळवळी उभ्या राहिल्या. पक्ष्याचे रूप घेतलेली लोकरीची टोपी घालून आज एखादा विद्यार्थी तळ्याकाठी उभा राहतो, तेव्हा त्यामागे हा सगळा इतिहास असतो. तो समजून घेणे उद्बोधक तर आहेच, शिवाय ग्रामपंचायती व शाळा यांच्या दृष्टीने उपयुक्तही आहे.

पक्षी ऊब कशी राखतो

पक्ष्याच्या शरीराचे तापमान सर्वसाधारणपणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षा तीन-चार अंशांनी अधिक असते. एवढ्याशा देहात एवढी उष्णता टिकवून धरण्याचे काम त्याची पिसे करतात. बाहेरची पिसे कौलांप्रमाणे एकावर एक बसलेली असून ती वारा व पाणी अडवितात. त्यांच्या खाली अतिशय मऊ, तंतुमय अशी लव असते. या लवेच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली, स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे शरीरातील ऊब सहजासहजी बाहेर जात नाही. थंडीत चिमणी किंवा होला फुगून गोल झालेला दिसतो, त्याचे कारण हेच. पिसे उभारून तो आपल्याभोवतीचा हवेचा थर जाड करीत असतो.

ज्या भागांवर पिसे नाहीत, त्यांची काळजी पक्षी निराळ्या रीतीने घेतो. चोच पाठीच्या पिसांत खुपसून तो झोपतो. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेऊन दुसऱ्यावर उभा राहतो. बदकांच्या व बगळ्यांच्या पायांत उष्ण रक्त नेणाऱ्या व थंड रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या अगदी शेजारी शेजारी असतात. त्यामुळे खाली जाणाऱ्या रक्ताची उष्णता वर येणाऱ्या रक्ताला मिळते आणि ती पाण्यात वाया जात नाही. हिमालय ओलांडून महाराष्ट्रात उतरणारा पट्टकादंब हा हंस सात हजार मीटरहूनही अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद उपग्रहाच्या साहाय्याने झालेली आहे. तेथील थंडीशी सामना देणारे त्याचे वस्त्र म्हणजे ही लव आणि ही पिसे.

लोकरीचे कार्यही याच तत्त्वावर चालते. मेंढीच्या लोकरीचा तंतू सरळ नसून कुरळा असतो. अशा तंतूंची वीण घातली म्हणजे तिच्यात असंख्य हवेचे कप्पे तयार होतात. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेऊनही हाताला ओली लागत नाही. सुती कापडाचे तसे नाही. ते दवाने भिजले की त्यातील हवेची जागा पाणी घेते आणि ऊब देण्याऐवजी ते अंगातील ऊब ओढून घेऊ लागते. धनगर समाजाने दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या विणली आणि तिची खोळ करून डोक्यावरून घेतली, त्यामागील शहाणपण हेच आहे.

डोक्यातून किती ऊब जाते

शरीरातील निम्मी उष्णता डोक्यावाटे निघून जाते, असे विधान अनेक ठिकाणी केले जाते. ते बरोबर नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा आहे आणि त्यातून जाणारी उष्णताही साधारणतः त्याच प्रमाणात असते. ज्या प्रयोगांवरून हा समज पसरला, त्यांत माणसांना ऊबदार पोशाख घालून केवळ डोके उघडे ठेवण्यात आले होते. साहजिकच बाहेर जाणारी बहुतेक उष्णता डोक्यातूनच जात होती. २००८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने हा व असे इतर समज तपासून त्यांचे निराकरण केले.

मग टोपीचे महत्त्व कशात आहे? एक तर पक्षिनिरीक्षकाची स्थिती त्या प्रयोगातील माणसासारखीच असते. अंगात स्वेटर, पायात मोजे, पण डोके आणि कान उघडे. दुसरे असे की, चेहरा, कान व मान यांना थंडीची जाणीव शरीराच्या इतर भागांपेक्षा अधिक तीव्रतेने होते. कानाच्या पाळीत स्नायू नाहीत आणि चरबीही अल्प आहे. त्यामुळे ती लवकर गार पडते. तिसरे, पक्षिनिरीक्षण ही चालण्याची नव्हे, तर स्थिर उभे राहण्याची क्रिया आहे. चालणाऱ्याच्या अंगात स्नायूंच्या हालचालीने उष्णता निर्माण होते. दुर्बीण लावून अर्धा तास निश्चल उभे राहणाऱ्यास ती मिळत नाही. ज्याचे कान गार पडले, त्याचे लक्ष पक्ष्यांवरून उडते. गणतीच्या कामात लक्ष उडणे म्हणजे आकडा चुकणे होय.

टोप्यांनी घेतलेले बळी

पक्ष्यांच्या पिसांनी मस्तक सजविण्याची हौस जगभर आढळते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत तिला व्यापाराचे भयंकर स्वरूप आले. स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, इतकेच नव्हे तर पेंढा भरलेले अखंड पक्षी लावण्याची फॅशन निघाली. सर्वांत अधिक मागणी होती ती बगळ्यांच्या शुभ्र, जाळीदार तुऱ्यांना. ही पिसे बगळ्यांना केवळ विणीच्या हंगामात येतात. म्हणजे पिसे हवी असतील तर पक्षी घरट्याजवळच मारावा लागे. आईबाप मारले गेले की घरट्यातील पिले उपाशी मरत. एका तुऱ्यासाठी अशा रीतीने अख्खे कुटुंब नष्ट होई. या पिसांचा भाव सोन्याच्या भावाशी तोलला जात असे.

ब्रिटनमध्ये आपल्या टिबुकलीच्या कुळातील एका मोठ्या तुरेदार पाणपक्ष्याच्या छातीचे दाट, मऊ कातडे फरऐवजी वापरले जाई. त्यापायी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या देशात या पक्ष्याच्या जेमतेम काही डझन जोड्या शिल्लक राहिल्या होत्या.

१८८६ साली न्यूयॉर्क शहरात फ्रँक चॅपमन नावाच्या एका तरुणाने एक विलक्षण पक्षिगणना केली. ती रानात नव्हती, रस्त्यावर होती. शहराच्या बाजारपेठेतून दोन वेळा फेरफटका मारून त्याने स्त्रियांच्या डोक्यावरील टोप्या मोजल्या. एकूण ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पक्षी अथवा त्यांची पिसे होती आणि त्यांत त्याने ४० जातींचे पक्षी ओळखले. जिवंत पक्षी पाहण्यासाठी जी नजर लागते, तीच नजर त्याने मृत पक्ष्यांवर रोखली आणि समाजासमोर आकडा ठेवला. उपदेशापेक्षा आकडा अधिक बोलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या प्रथेविरुद्ध पुढे आल्या त्याही स्त्रियाच. १८८९ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी पक्षिसंरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. अन्नासाठी न मारलेल्या पक्ष्यांची पिसे आपण वापरणार नाही, असा नियम सभासदांनी स्वतःवर घालून घेतला. अपवाद फक्त शहामृगाचा ठेवला. त्याच वर्षी लंडनजवळच्या क्रॉयडन येथे एलायझा फिलिप्स, एटा लेमन व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी असाच एक गट उभारला होता. हे दोन्ही गट १८९१ मध्ये एकत्र आले. आजची रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स ही तीच संस्था होय. अमेरिकेत १८९६ साली बोस्टन येथे हॅरिएट हेमेनवे व मिन्ना हॉल यांनी घरोघरच्या चहापानाच्या बैठकींतून स्त्रियांना संघटित केले आणि पिसे न वापरण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला व १९२१ साली ब्रिटनने पिसांच्या आयातीस बंदी घालणारा कायदा केला.

हिंदुस्थानातूनही पक्ष्यांची पिसे व कातडी मोठ्या प्रमाणात परदेशी जात. त्यांच्या निर्यातीवर येथील सरकारने १९०२ साली, म्हणजे ब्रिटनच्या कायद्याच्या १९ वर्षे आधी, बंदी घातली. मागणी मात्र लगेच थांबली नाही. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांतात बगळे पाळून त्यांचे तुरे काढण्याचा व्यवसाय चाले व त्याची माहिती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून १९१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली होती.

टोप्या मोजणारा पक्षी मोजू लागला

फ्रँक चॅपमन यांचे नाव आणखी एका कारणासाठी स्मरणात ठेवावे लागते. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन दोन तट पाडावयाचे आणि ज्या तटाने अधिक पशुपक्षी मारले तो विजयी, अशी एक प्रथा होती. चॅपमन यांनी तिला पर्याय सुचविला. मारण्याऐवजी मोजावे, असे त्यांचे म्हणणे होते. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी पक्ष्यांची गणती केली. ही गणना आजतागायत दर वर्षी होते आणि हजारो लोक तीत भाग घेतात.

आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ सालापासून दर वर्षी जानेवारी महिन्यात होते. भारतातील कामाचे सूत्रचालन मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी व तिच्या सहकारी संस्था करतात. या गणनेत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हौशी निरीक्षक व विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून काम करतात. एखाद्या तळ्यावर दर जानेवारीत किती पक्षी आले हे दहा-वीस वर्षे लिहिले गेले म्हणजे त्या तळ्याची प्रकृती सुधारत आहे की ढासळत आहे, हे कळून येते. जानेवारीची पहाट टाळून हे काम होत नाही. म्हणूनच टोपीचा विचार क्षुल्लक मानता येत नाही.

आपल्या देशातील शिरोभूषणे

भारतात पक्ष्यांच्या पिसांची शिरोभूषणे अनेक समाजांत आहेत आणि त्यांच्याकडे केवळ दोषदृष्टीने पाहणे न्याय्य होणार नाही. महाराष्ट्रात भल्या पहाटे घरोघर येणारा वासुदेव सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची मोरपिसांची निमुळती टोपी म्हणजे आपल्याकडील पहाटेचे जणू चिन्हच. सातपुड्यातील होळीच्या नृत्यात नर्तकांच्या मस्तकी मोरपिसांचे उंच टोप असतात. मोराची लांब पिसे दर वर्षी पावसाळ्यानंतर आपोआप गळून पडतात. त्यासाठी मोर मारावा लागत नाही. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस पूर्ण मनाई केली, परंतु पिसाऱ्याच्या पिसांबाबत परंपरेचा विचार करून सवलत ठेवली.

हिमाचल प्रदेशात मोनाल या रंगीबेरंगी पहाडी पक्ष्याचा धातूसारखा चमकणारा हिरवा तुरा पुरुषांच्या लोकरी टोपीवर खोवण्याची जुनी प्रथा आहे. तो तुरा असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. मोनालचा तुरा मात्र मोराच्या पिसाप्रमाणे वेचून आणता येत नाही. त्यासाठी नर पक्षी मारला जात असे. त्या राज्यात १९८२ साली मोनालच्या शिकारीवर बंदी घालण्यात आली.

सर्वांत बोधप्रद उदाहरण अरुणाचल प्रदेशातील न्यिशी समाजाचे आहे. न्यिशी पुरुष वेताची विणलेली टोपी घालतात आणि तिच्यावर महाधनेशाची चोच बसवितात. ही चोच त्या समाजाची ओळख आहे. परंतु महाधनेशाचे जीवनच असे आहे की, त्यातील एका नराची हत्या म्हणजे संपूर्ण कुटुंबाची हत्या ठरते. विणीच्या काळात मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते व ढोलीचे तोंड लिंपून एक अरुंद फट तेवढी ठेवते. सुमारे तीन ते चार महिने नर त्या फटीतून तिला आणि पिलाला फळे भरवितो. तो परत आला नाही, तर आत असलेल्यांचे काय होईल हे सांगावयास नको.

या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत वन विभाग व वन्यजीव क्षेत्रातील संस्था यांनी न्यिशी समाजातील जाणत्या मंडळींशी विचारविनिमय करून फायबरग्लासच्या चोची तयार केल्या. आकार व रंग हुबेहूब खऱ्या चोचीसारखे. समाजाने त्या स्वीकारल्या. टोपी राहिली, मान राहिला आणि पक्षीही राहिला. पुढे २०११-१२ च्या सुमारास पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांतील न्यिशी लोकच धनेशांच्या घरट्यांचे राखणदार झाले. बाहेरून येणाऱ्या देणगीतून त्यांना मानधन मिळते आणि गावाच्या विकासालाही हातभार लागतो. महाधनेश आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातही, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या रानांत, आढळतो. त्यामुळे ही कथा आपल्यासाठी सर्वस्वी परकी नाही.

परंपरा मोडण्यास सांगितले की लोक दुरावतात. परंपरेला पर्याय दिला की लोक सहभागी होतात. लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा हा अनुभव आहे.

निफाडची थंडी आणि नांदूरमध्यमेश्वर

महाराष्ट्रातील थंडीच्या बातम्यांत निफाडचे नाव हटकून येते. नाशिक जिल्ह्याच्या या तालुक्यात पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा पहाटे द्राक्षबागायतदार घडांना गारठ्यापासून वाचविण्यासाठी बागांत शेकोट्या पेटवितात. याच तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय तयार झाला आहे. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर सूचीत स्थान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. राज्यातील सर्वांत कडक थंडी आणि सर्वांत समृद्ध पक्षिसंमेलनांपैकी एक, अशा दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

उजनी जलाशयाचा भिगवणकडील भाग, पैठणचा नाथसागर आणि पूर्व विदर्भातील तलाव हेही हिवाळ्यात पक्ष्यांनी गजबजलेले असतात. याखेरीज गावोगावचे पाझर तलाव, मालगुजारी तलाव व बंधारे यांवर येणाऱ्या पक्ष्यांची तर कोठेच नोंद नसते. खरे काम तेथे आहे.

टोपी कशी असावी

पक्षिनिरीक्षणासाठी टोपी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट कानांची. पक्षी दिसण्याआधी बहुधा ऐकू येतो. जाड कानटोपीने कान पूर्ण झाकले तर ऊब मिळते, पण आवाज दबतो. यासाठी कानांवरची पट्टी वर दुमडता येईल अशी टोपी उत्तम. थांबून ऐकावयाचे असेल तेव्हा पट्टी वर, चालताना किंवा वाऱ्यात खाली.

दुसरी गोष्ट अस्तराची. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते व कपाळाला टोचते. आतून मऊ सुती अस्तर लावल्यास मुले टोपी काढून टाकीत नाहीत. बाजारातील कृत्रिम धाग्याची लोकर स्वस्त असते, धुण्यास सोपी असते व तीही ऊब देते. मात्र ती ओलावा शोषीत नाही आणि शेकोटीजवळ ठिणगी पडल्यास वितळते, याचे भान ठेवावे.

तिसरी गोष्ट रंगाची. पक्ष्यांची रंगदृष्टी माणसापेक्षा सरस आहे. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही अनेक पक्ष्यांना दिसतात. म्हणून पांढराशुभ्र, भडक पिवळा वा तांबडा रंग टाळून मातीचा, वाळल्या गवताचा, राखेचा रंग पसंत करावा.

चौथी गोष्ट उंचीची. टोपीवर मोठा गोंडा किंवा ताठ तुरा असेल तर बांधावरून डोकावताना प्रथम तोच आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलतो आणि पक्षी उडून जातात. तुरा असावाच असे वाटल्यास तो मागे झोपणारा असावा.

पक्ष्याचे रूप, पक्ष्याविना

अलीकडे पक्ष्यांच्या रूपाच्या विणलेल्या टोप्या लोकप्रिय होत आहेत. त्यांत मौज तर आहेच, पण शिक्षकाने कल्पकता दाखविल्यास त्या पक्षी ओळखण्याचे उत्तम साधन होऊ शकतात. सुदैवाने आपल्या परिचयाच्या कितीतरी पक्ष्यांचे डोके टोपीसाठीच घडविल्यासारखे आहे.

पिंगळा घ्या. करड्या-तपकिरी लोकरीवर बारीक पांढरे ठिपके आणि पुढे दोन मोठे गोल डोळे एवढे केले की पिंगळा तयार होतो. रंगही शेतात मिसळून जाणारा. वारकरी किंवा चांदवा या पाणपक्ष्याचे अंग काळे व कपाळावर पांढराशुभ्र टिळा असतो. काळ्या टोपीवर पुढे एक छोटा पांढरा तुकडा जोडला की पुरे. शिपाई बुलबुलाला काळा टोकदार तुरा व गालावर लाल ठिपका असतो. टोपीच्या दोन्ही कानपट्ट्यांवर एक एक लहान लाल ठिपका विणला की तो नेमक्या जागी येतो. टिटवीचे डोके काळे व डोळ्यामागून मानेकडे उतरणारा पट्टा पांढरा. हुदहुदाच्या नारिंगी-तपकिरी तुऱ्याच्या टोकांना काळी किनार असते आणि तो पक्षी आपला तुरा एरवी मिटूनच ठेवतो; तेव्हा मागे झोपणारा तुरा त्याला शोभून दिसतो.

विद्यार्थ्याने आपल्या टोपीचा पक्षी स्वतः निवडावा, तो प्रत्यक्ष पाहून यावा, त्याचे रंग वहीत उतरवावेत आणि मगच विणकामास आरंभ व्हावा. असा एकदा पाहिलेला पक्षी मूल सहसा विसरत नाही. पक्ष्यांची मराठी नावे शोधण्यासाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हा ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयात असावा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. टोपीवर खरे पीस लावू नये. रानात सापडलेले पीस निरुपद्रवी वाटते. परंतु एकाच्या टोपीवर ते दिसले की दहा जणांना ते हवेसे वाटते आणि मागणी निर्माण झाली की पुरवठा करणारा निघतोच. बगळ्यांच्या संहाराचा इतिहास याची साक्ष देतो. शिवाय बहुतेक वन्य पक्षी कायद्याने संरक्षित आहेत. लोकर, कापडाचा तुकडा आणि सुईदोरा एवढ्यावर सारे रूप साधता येते.

ग्रामपंचायत व शाळा यांनी करावयाचे काम

जैविक विविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे आणि लोकांच्या सहभागातून जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेक गावांत ही नोंदवही एकदा भरली गेली आणि कपाटात गेली. गावच्या तळ्यावरील हिवाळी पक्ष्यांची दर वर्षीची गणना तीत उतरविली, तर ती जिवंत राहील. तळ्यात गाळ साचणे, बेशरमीचे रान माजणे, सांडपाणी मिसळणे या गोष्टींची पहिली वर्दी पुष्कळदा पक्षीच देतात. पाण्याचा तोच साठा गावच्या गुरांचा आणि विहिरींचाही असतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे ठरविले. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या सप्ताहात शाळांनी पक्षी निवडावेत व टोप्यांचे विणकाम हाती घ्यावे. गावातील महिला बचत गटांचे साहाय्य घेतल्यास त्यांनाही थोडे काम मिळेल आणि मुलांना विणकामाची गोडी लागेल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टोप्या तयार झाल्या की जानेवारीतील गणनेस तुकडी सज्ज होते. गणनेच्या दिवशी पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक, दोघांत मिळून एक दुर्बीण, एक नोंदवही आणि पाण्यापासून योग्य अंतर एवढी व्यवस्था पुरेशी आहे. नोंदीत दिनांक, वेळ, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव व संख्या असावी. जो पक्षी ओळखता आला नाही, त्याचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. नोंदीची एक प्रत शाळेत राहावी व दुसरी ग्रामपंचायतीकडे जावी.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका तरुणाने माणसांच्या डोक्यावर मरून बसलेले पक्षी मोजले, तेव्हा ते मोजणे समाजास विचार करावयास लावणारे ठरले. आपल्या मुलांवर तसे मोजण्याची वेळ न येवो. त्यांच्या डोक्यावर लोकरीचा पिंगळा असावा, कान उबेत असावेत आणि समोरच्या पाण्यावर मोजून संपणार नाहीत इतके जिवंत पक्षी असावेत. येत्या हिवाळ्यात प्रत्येक गावाने आपल्या तळ्यावरची एक पहाट यासाठी राखून ठेवावी.